मावशींचं विरजण

डीएनए म्हटलं की तुम्हाला खुनाची केस आठवली असंल. तसलं काय न्हाई, ही दह्याची गोष्ट हाय.

शिरूरला आमच्या डेअरीच्या लॅबमधले सर दह्यातल्या जंतूंनाबी अहो-जाहो करायचे. "हे साहेब आन् ते साहेब दिसत्यात जुळे, पण डीएनए जुळत न्हाई. म्हंजी प्रजाती वेगळी, बरं का!" टपरीवर मी त्यांची नक्कल करायचो, तर मागं उभं राहून तेच पहिले हसायचे.

एकदा वरवंडच्या मावशी रडतच आल्या. आईकडनं आणलेलं विरजण मांजरानं सांडलं हुतं. त्यातलंच थोडं आम्ही आधी तपासायला नेलेलं. पण फ्रिजमधल्या दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या ओलीनं गळाल्या हुत्या. एक नळी मावशींची, एक शेजारणीची, दिसायला सारख्याच.

"कुठलीबी द्या की," मी म्हणलो.

सरांनी लगेच डीएनए तपासायचं शेवटचं किट फोडलं. मावशींच्या जंतूची प्रजाती पहिल्या तपासणीतच कळाली हुती. दुसऱ्या दिवशी जी नळी तिच्याशी जुळली, ती त्यांनी मावशींच्या वाटीत ओतली.

मग डेअरीच्या मोठ्या मॅडम कडाडल्या, "शेवटचं किट! कुणाला विचारून फोडलंत?"

सर हळूच म्हणाले, "मावशींना विचारलं हुतं, मॅडम."