जहिदाबीचा हात

बांगडी भरणे बोटांचे काम वाटते, पण खरी मेहनत अंगठ्याच्या बुडाशी असते. समोरच्या बाईचा हात घ्यायचा, अंगठ्याचे बूड आत दाबायचे, बोटांची पेरे एकत्र आवळायची आणि हात ढिला पडला की लगेच बांगडी पुढे सरकवायची. तेवढा क्षण चुकला तर काच फुटते. जहिदाबी मणेरीण लग्न होऊन नाशकात आल्यापासून हेच काम करत होती. नवरा महेबूब जुन्या नाशकातल्या दुकानात बसे. जहिदाबी बांगड्यांच्या माळांचे गाठोडे पाठीवर घेऊन नदी ओलांडी आणि पंचवटीतली घरे करी. गाठोडे आपटले तर काचेचा चुरा होतो, म्हणून ती गुडघे टेकूनच ते खाली ठेवी. तिची पाठ टिकली, गुडघे गेले.

समोरचीला बोलते ठेवणे हाही कामाचाच भाग. सासूची गोष्ट काढली की हात आवळतो, माहेरची काढली की सुटतो. जहिदाबी माहेरचे विचारी.

चौतीस सालच्या पावसाळ्यानंतर तिचा स्वतःचा हात कापू लागला.

आधी छातीत धडधड सुरू झाली. मग श्वास पुरेना. घास तोंडातच फिरायचा, आणि कोंबडा आरवायच्या आत डोळे उघडायचे ते मिटायचेच नाहीत. बायकांच्या मनगटांवर ओरखडे उठू लागले. अंबूबाई नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हात मागे घेतला. ती म्हणाली, “जहिदाबी, माझा हात आहे गं, म्हशीचं शिंग नाही.” ओसरीवरच्या सगळ्याजणी हसल्या. जहिदाबीने गाठोडे बांधले आणि घरी आली.

कारण तिला ठाऊक होते. ते तिने कोणालाही सांगितले नव्हते, महेबूबलासुद्धा नाही.

पंचवटीत नदीकाठी मळा करणाऱ्या कुसाबाईच्या थोरल्या मुलीचा, सगुणाचा, लग्नाचा हिरवा चुडा जहिदाबीनेच भरला होता. हे काम शिकवताना जहिदाबीच्या सासूने तिला एक नेम घालून दिला होता. नवरीच्या हातावर एक जरी बांगडी फुटली, तरी त्या हातातला सगळा चुडा उतरवायचा आणि पहिल्यापासून नवा भरायचा. भरण्यापेक्षा उतरवण्याला जास्त वेळ लागतो. साबण लावून एकेक बांगडी परत काढायची, तीही न फोडता. सगुणाची एक फुटली तेव्हा दिंडोरीच्या एका लग्नघरचा टांगा जहिदाबीला न्यायला बाहेर उभा होता आणि टांगेवाला हाका मारत होता. जहिदाबीने दुसऱ्या माळेतली एक बांगडी काढून तिथे सरकवली. रंग किंचित गडद होता, पण कोणी बोलले नाही. जहिदाबीही बोलली नाही.

पुढच्या श्रावणात सगुणाचा नवरा मुदतीच्या तापाने गेला. पोर माहेरी परत आली. नदीवर धुणे धुताना जहिदाबीला तिचे मोकळे मनगट दिसले. आपण नेम मोडला म्हणूनच हे झाले, असे तिच्या मनाने घेतले आणि त्या दिवसापासून हात कापू लागला.

महेबूबने तिला लियाकत हकिमांकडे नेले. हकिमांनी नाडी पाहिली, पोटात घ्यायला खमीरा नावाचे गोड चाटण दिले, टाळूवर बदामाचे तेल जिरवायला सांगितले आणि बाईला बसवून ठेवा म्हणाले. जहिदाबी बसली. नणंदेने दर्ग्यातला धागा आणून दंडाला बांधला. पण हात रिकामे आणि डोके भरलेले, अशी ती बसणूक. काम करताना जे अधूनमधून आठवायचे ते आता दिवसभर आठवू लागले.

त्यातच कुसाबाईचा निरोप आला. धाकट्या मुलीचे, नवसाचे, लग्न ठरले आहे, चुडा जहिदाबीनेच भरायचा.

महेबूब मग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. हे डॉक्टर मोठ्या लढाईत पलटणीबरोबर जाऊन आलेले, कमी बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली, डोळे पाहिले, हात पुढे करायला सांगितला. हात स्थिर होता. कणीक मळताना कापतो का, त्यांनी विचारले. नाही. हंडा उचलताना? नाही. लाल बांगडी भरताना? थोडा. हिरवी भरताना?

जहिदाबीने खाली पाहिले. मांडीवर ठेवलेला हात तिथेच कापू लागला.

डॉक्टरांनी तो पाहिला, पण बोट दाखवले नाही. जखम नसलेले आणि तरीही हात कापणारे शिपाई त्यांनी पाहिले होते, एवढेच ते म्हणाले. त्यांनी एक खारट औषध दिले. त्याने झोप लागेल, पण बोटे जड होतील, तेव्हा थोडेच दिवस घ्यायचे. मग त्यांनी जहिदाबीला समोर बसवले.

“बाई, हृदय तुमचं ठणठणीत आहे. औषध झोप आणेल, हात आणणार नाही. ज्या वस्तूनं कापरं भरतं तीच रोज थोडा वेळ हातात घ्या. आणि मनात जे धरून बसलाय ते ज्याचं असेल त्याला सांगा. मला सांगून उपयोग नाही.”

बाहेर आल्यावर महेबूबने एकदाच विचारले, काय धरून बसली आहेस? ती घराच्या वाटेला लागली. 

औषधाने झोप लागली. हात मात्र लाकडासारखा झाला. समोरच्या हातातले हाड कुठे वळते तेच तिच्या बोटांना कळेना. ती औषध अर्धे करून घेऊ लागली. मग एका दुपारी महेबूब दुकानाची फळी लावून आत आला, तिच्यासमोर बसला आणि आपला हात पुढे केला. टवके उडालेल्या हिरव्या बांगड्यांची माळ त्याने सोबत आणली होती.

“भर.”

“पुरुषाच्या हातात?”

“आळीत म्हणतील, महेबूबनं बांगड्या भरल्या. म्हणू देत. निदान खोटं तरी नसेल.”

त्याचा पंजा रुंद, पेरे जाड. पहिल्या बांगड्या पटापट फुटल्या. काच टोचली की तो तोंड वाकडे करी आणि हात तसाच धरून ठेवी. जहिदाबीला घाम येई, तरी ती पुढची घेई. रोज दुपारी हाच उद्योग. एकदा एक बांगडी अख्खी आत गेली. महेबूबने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, शोभते. जहिदाबी हसली, पण नंतर बराच वेळ ती बांगडी उतरेना.

हात थोडा परत आला होता. दुसरे काम राहिले होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती कुसाबाईच्या घरी पोचली. गुडघे टेकून गाठोडे खाली ठेवले, पण सोडले नाही. नवसा पाटावर बसली होती. सगुणा माजघराच्या दारामागे होती. विधवेने चुड्यासमोर येऊ नये, म्हणून तिला आतच ठेवले होते. दाराच्या फटीत तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

जहिदाबीने कुसाबाईला बाजूला घेतले आणि सगळे सांगितले. टांगा, घाई, दुसऱ्या माळेतली बांगडी.  कुसाबाई खाली बसली.

“आता कशाला सांगितलंस?” ती म्हणाली. “तुझं ओझं उतरलं. मी कुठं ठेवू ते?”

 याचे काय करायचे ते डॉक्टरांनी सांगितले नव्हते. जहिदाबी गाठोडे उचलू लागली. दुसऱ्या कोणाला बोलवा म्हणाली.

तेवढ्यात दारामागून सगुणाचा आवाज आला. “मला दिसली होती ती बांगडी.”

दारामागची सगुणा बोलतच राहिली.

“रंग वेगळा होता. लय आवडला होता मला. म्हणून गप बसले, सांगितलं तर काढतील म्हणून.” ती थांबली. “ते गेले तवापासून मला वाटतं, माझ्यामुळंच.”

कुसाबाईने दाराकडे पाहिले. सासरहून आल्यापासून सगुणा धड जेवत नव्हती आणि घरचे तिला अंगारे लावत होते. तिच्या मनात काय आहे ते कोणी विचारले नव्हते. कुसाबाई उठली, आत गेली आणि दार ओढून घेतले. आतून बराच वेळ नुसते रडणे ऐकू येत होते. एकीचे की दोघींचे ते कळत नव्हते. नवसा पाटावर तशीच बसून राहिली.

कुसाबाई बाहेर आली तेव्हा तिने पदराने तोंड पुसले. जहिदाबीकडे न बघता म्हणाली, “भर. ऊन कलायच्या आत सुरू कर.”

राग गेला नव्हता. पुढेही त्या घरात जहिदाबीला चहा मिळाला, पण आधीसारख्या गप्पा झाल्या नाहीत.

तिने नवसाचा डावा हात घेतला. जहिदाबीचा हात अजून कापत होता. बहिणीचे रडणे ऐकून पोरीचे मनगट दगडासारखे झाले होते. माहेरचे विचारायची सोय नव्हती, माहेर समोरच बसले होते. मग जहिदाबीने नुसता हात धरून ठेवला, अंगठ्याचे बूड हलके दाबत, तो सैल पडेपर्यंत. पहिली गेली. दुसरी गेली. चुडा पुरा होत आला आणि एक बांगडी कट्‌ करून फुटली.

नवसा दचकली. कुसाबाई जागची उठली. दारामागचा लुगड्याचा काठ हलला.

“साबण आणा,” जहिदाबी म्हणाली. “आणि गरम पाणी.”

तिने डाव्या हातातला सगळा चुडा उतरवायला घेतला. एकेक बांगडी, न फोडता. गुडघे भरून आले, तरी तिने बैठक मोडली नाही. बाहेर दुसऱ्या घरचे माणूस बोलवायला आले होते. आज येणे होणार नाही, असा तिने त्याला निरोप दिला.

हात मोकळा झाला तेव्हा ओसरीवरचे ऊन भिंतीवर चढले होते. तिने नवी माळ सोडली, एकाच रंगाची आहे ना ते उजेडात धरून पाहिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.