यादीतून वजा केलेली माणसं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता विसरलोही. हे प्रकरण मात्र विसरत नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता आणि वर्तमानपत्रात जेमतेम चार ओळी आल्या होत्या.

तेव्हा मी नाशिकमध्ये अंबडच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती. अशा वेळी ठाण्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. परवान्याची शस्त्रं जमा करून घ्यायची, जुन्या गुन्हेगारांना बोलावून चांगल्या वर्तणुकीचे बॉण्ड लिहून घ्यायचे, मतदान केंद्रांची पाहणी करायची, बंदोबस्ताचे तक्ते करायचे. त्यातच एका सकाळी आवारात आरडाओरडा ऐकू आला.

बाहेर येऊन पाहिलं तर तीस-चाळीस माणसं. बहुतेक कारखान्यातले कामगार, काही बायका. त्यांनी पासष्टीच्या पुढच्या एका गृहस्थाला शर्टाला धरून आणलं होतं. शर्टाची दोन बटणं तुटली होती, चष्मा एका कानावर लोंबत होता. गर्दीच्या पुढे एक बाई होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती काम करायची, वसाहतीत तिला सगळे मावशी म्हणत.

"सायब, ह्यानं आमाला जित्तेपणी मारलं," ती म्हणाली.

माणसांना शांत करून बसवलं, तेव्हा प्रकार कळला. मावशीच्या मुलीनं मोबाइलवर आईचं नाव मतदार यादीत शोधलं, तर ते सापडेना. शेजारणीचंही सापडेना. मग त्या मतदान केंद्राच्या बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम दिलेल्या शिक्षकाकडे, सगळे गेले. त्यानं वगळलेल्या नावांची यादी दाखवली. एका वसाहतीतली एकेचाळीस नावं कमी झाली होती. कारणाच्या रकान्यात कुठे 'मयत', कुठे 'कायमचे स्थलांतरित'. मावशी मयत होती. तिच्या मांडीवर माझ्यासमोर नातू बसला होता.

नाव वगळण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार, अमुक माणूस मेला किंवा निघून गेला, अशी हरकत घेऊ शकतो. या एकेचाळीस फॉर्मवर हरकत घेणारा एकच होता, हे गृहस्थ. त्यांचं नाव, त्यांच्या मतदान कार्डाचा नंबर, कार्डाची झेरॉक्स, खाली त्यांची सही.

गृहस्थ नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी सायखेड्याला दिलेली, घरात एकटेच. वसाहतीत त्यांचं कोणाशीच पटत नव्हतं. डीजे लागला की तक्रार, कोणी दारात गाडी लावली की तक्रार, नळाला मोटर लावली की तक्रार. आमच्याच ठाण्यात त्यांचे सहा-सात अर्ज पडलेले होते. मला ते नावानिशी आठवत होते, आणि चांगल्या अर्थानं नाही.

त्यांना माझ्या खोलीत घेतलं. इथे मी जे केलं ते लपवत नाही. तो माणूस माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरे-तुरे केलं.

"सही तुझी आहे का?"

"माझ्यासारखी आहे. माझी नाही."

"कार्ड तुझं?"

"कार्ड माझं आहे."

"मग फॉर्म काय भुतानं भरले? लोकांशी भांडणं करून पोट भरत नाही म्हणून हे सुरू केलं का?"

त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "साहेब, मी आजपर्यंत जेवढ्या तक्रारी केल्या त्या तुमच्या टेबलावर येऊन केल्या, नाव-पत्ता लिहून, पोच घेऊन. चोरून तक्रार करणारा माणूस पोच मागतो का?"

मी त्यांना बाहेर बसवलं. पण मनात ते कुठंतरी खटकलं. खोटं बोलणारा माणूस सहसा खूप बोलतो, शपथा घालतो, मुलाबाळांची नावं घेतो. हे गृहस्थ विचारलं तेवढंच सांगत होते.

खोटं प्रतिज्ञापन केल्याचा गुन्हा अदखलपात्र असतो. पण दुसऱ्याची खोटी सही करून तो कागद सरकारी कार्यालयात खरा म्हणून वापरणं हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून मी निवडणूक शाखेला पत्र देऊन मूळ फॉर्म मागवून घेतले. दुसऱ्या दिवशी ते आले. मी आधी मृत्यूचे दाखले शोधले. मयत दाखवलेल्या माणसांपैकी एकाचाही दाखला जोडलेला नव्हता. कोणी मागितलाच नव्हता.

बीएलओ शिक्षकाला बोलावलं. तरुण माणूस, घाबरलेला.

"तुम्ही जागेवर जाऊन चौकशी केली?"

"गेलो होतो सर. बऱ्याच घरांना कुलूप होतं."

"किती वाजता गेलात?"

"शाळा सुटल्यावर... चारच्या सुमारास."

"ती वसाहत कामगारांची आहे. चार वाजता तिथे कोण घरी असतं? आणि कुलूप दिसलं म्हणून तुम्ही माणूस मेला असं लिहिलंत?"

"सर, शाळा, सर्व्हे, त्यात हे. वरून रोज विचारत होते, किती निकाली काढले."

ज्यांची नावं गेली त्यांना नोटिसाही निघाल्या होत्या, पण फक्त कागदावर. एकालाही मिळाली नव्हती. शिक्षक सरळ माणूस होता हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला. एका सरळ माणसानं कंटाळून चौकशीच्या अहवालावर केलेल्या सहीमुळे एकेचाळीस माणसं यादीतून गेली होती.

मग मी त्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. प्रेसमध्ये त्यांचं सगळं आयुष्य छपाईतले दोष शोधण्यात गेलं होतं. सहीकडे त्यांनी पाहिलंच नाही. एकेक झेरॉक्स उचलून खिडकीच्या उजेडात धरू लागले. दहा-बारा कागद झाल्यावर म्हणाले, "इथे बघा. डाव्या कोपऱ्यातून एक तिरपी बारीक रेघ खाली येते. मध्ये तुटते, परत सुरू होते. प्रत्येक कागदावर त्याच जागी आहे."

"म्हणजे?"

"झेरॉक्स मशीनच्या काचेवर ओरखडा आहे. सगळ्या एकाच मशीनवर निघाल्यात. आणि ही रेघ मी आधी पाहिलेली आहे."

ते घरी गेले आणि तासाभरात पेन्शनची फाइल घेऊन आले. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षीच्या दाखल्याच्या कागदांमधल्या झेरॉक्सवर तीच तिरपी रेघ होती, तशीच मध्ये तुटलेली. वसाहतीच्या नाक्यावर ऑनलाइन अर्ज भरून देणारं एक दुकान होतं, तिथे त्यांनी तो दाखला काढला होता.

"त्यानं मतदान कार्डही मागितलं. मी म्हणालो, याला मतदान कार्ड कशाला? तर म्हणाला, काका, सिस्टिम मागते."

आमच्या एका हवालदाराला साध्या कपड्यात पाठवलं. त्यानं स्वतःच्या लायसन्सची झेरॉक्स काढून आणली. कागद टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळेच वाकून पाहू लागलो. रेघ होती.

दोन पंचांसमक्ष मशीन आणि कॉम्प्युटर जप्त केले. कॉम्प्युटरमध्ये वसाहतीतल्या जवळपास प्रत्येक घराची कागदपत्रं होती. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, लाइट बिल. लोकांनी कधी गॅससाठी, कधी शाळेच्या प्रवेशासाठी विश्वासानं दिलेली.

दुकानदार तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड. पहिला तासभर त्याचं एकच पालुपद होतं, "मी फक्त फॉर्म भरून देतो सर, कस्टमर आणेल तो." मी फॉर्म आणि लायसन्सची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली आणि गप्प बसलो. प्रश्नांच्या भडिमारापेक्षा गप्प बसण्यानं माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव. त्यानं पाणी मागितलं. मग सांगितलं. एका इच्छुक उमेदवाराच्या कार्यकर्त्यानं त्याला नावांची यादी आणून दिली होती. ही घरं आपल्याला मत देणार नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

"आणि हरकतदार म्हणून यांचंच नाव का घेतलं?"

तो किंचित हसला. ते हसू मी विसरणार नाही. "काकांचं कुणाशीच पटत नाही ना सर. पुढेमागे बोंब झाली तरी लोकांना खरंच वाटलं असतं."

लोकांना तर वाटलंच होतं. मलाही वाटलं होतं. त्यानं आम्हा सगळ्यांना बरोबर ओळखलं होतं.

वर तो म्हणाला, "सर, एवढं काय? नावंच तर कमी केली. कोणाचा जीव थोडाच घेतलाय?"

मी उठलो. माझा हात उचलला जाणार हे मला कळत होतं, आणि एका थपडेवर त्याचा वकील अख्खी केस उलटी फिरवेल हेही कळत होतं. मी आवारात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि जबाब घ्यायला सहकाऱ्याला बसवलं.

गुन्हा उघडकीला आला, पण नावं यादीत परत आली नव्हती. मी निवडणूक शाखेतल्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "त्यांना सहा नंबरचा फॉर्म नव्यानं भरू द्या. आठ दिवस आहेत."

फोन ठेवून मी मावशीला ते सांगितलं. ती भडकली. "आमी काय नवीन हाय का सायब? पाच इलेक्शनं झाली माझी. चोरी त्यानं केली, आन् लायनीत आमी उभं राहायचं?"

लाइनीत उभं राहावंच लागलं. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. बरेच जण भाड्यानं राहणारे, लाइट बिल घरमालकाच्या नावावर. कोणाच्या आधारवर अजून गावचा पत्ता. पॅन कार्ड आणलं तर त्यावर पत्ताच नसतो. लोक हेलपाटे घालू लागले, एकेका हेलपाट्याला कामाचा खाडा. शेवटी मी स्वतः जाऊन त्या अधिकाऱ्यांसमोर बसलो आणि म्हणालो, पत्त्याचा कागद नसेल तर बीएलओनं जागेवर जाऊन खात्री करायची, असं तुमच्याच नियमात आहे. मग वसाहतीत शिबिर लागलं. तोच शिक्षक संध्याकाळी घरोघर फिरला आणि या वेळी प्रत्येक दार उघडेपर्यंत थांबला. चौतीस जणांची नावं परत आली. सात जण गावी गेलेले किंवा निरोप न मिळालेले होते. त्यांची मुदत टळली.

त्याच आठवड्यात मी साध्या कपड्यात त्या गृहस्थांच्या घरी गेलो. म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला एकेरी बोललो. चुकलं माझं."

त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बोलण्याचं काही वाटलं नाही. पण माझा शर्ट लोकांनी तुमच्या आवारात धरला होता, साहेब, आणि तुम्ही पायरीवर उभे राहून बघत होतात. आधी त्यांना हात सोडायला सांगायचं होतं."

खरं होतं. वर्दीतल्या माणसाचं पहिलं काम तेच होतं, आणि ते मी केलं नव्हतं. मावशी आणि चार जणी पुढे त्यांच्याकडे माफी मागायला गेल्या. त्यांनी दार उघडलं नाही. वर्षभरात घर विकून ते मुलीच्या गावी निघून गेले.

मतदानाच्या दिवशी मी त्या वसाहतीच्या केंद्रावर गेलो तेव्हा एक आजी दारातल्या शिपायाशी बोलत होती. उरलेल्या सातांपैकी एक. द्राक्षबागेच्या कामाला लेकीकडे गेली होती, कालच परतली होती. हातात प्लास्टिकची पिशवी. तिनं एकेक कागद काढून दाखवला. मतदान कार्ड, आधार, फोटोचं बँक पासबुक, रेशनकार्ड. बाहेरच्या भिंतीवर चालणाऱ्या ओळखपत्रांचा तक्ता चिकटवला होता. रेशनकार्ड त्यात नव्हतं, बाकी तिन्ही चालणारी होती. मतदान अधिकाऱ्यानं यादी दोनदा तपासली. तो सभ्यपणे म्हणाला, "आजी, तुमचे कागद बरोबर आहेत. पण यादीत नाव नाही, मला मत देऊ देता येत नाही."

त्याचं बरोबर होतं. आजीनं पिशवी आवरली. मग माझ्याकडे वळून डावा हात पुढे केला.

"मंग सायब, शाई तरी लावा. घरी गेल्यावर पोरं इचारतील, आजी, बोट दाखव."

मला तेही करता आलं नाही.

खटला अजून चालू आहे. दुकानदार आणि तो कार्यकर्ता जामिनावर आहेत, दुकान दुसऱ्या नावानं सुरू आहे. त्या इच्छुक उमेदवारापर्यंत पोचणारा पुरावा मला मिळाला नाही. शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ज्यांनी त्याला रोज 'किती निकाली काढले' असं विचारलं, त्यांना कोणीच काही विचारलं नाही.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक साधी आहे. कार्ड कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निवडणूक जाहीर होण्याच्या आधीच यादीत नाव पाहा, आणि कागदाची झेरॉक्स कोणालाही देताना ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहून सही करा. दुसरी गोष्ट माझ्यापुरती आहे. न आवडणाऱ्या माणसाविरुद्ध पुरावा समोर आला की तो आपण नीट तपासत नाही. त्या दुकानदाराला हे ठाऊक होतं. चौतीस वर्षं तपास करणाऱ्या मला ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर याद्यांचं काम निघालं की मी त्या वसाहतीत टेबल टाकून बसतो आणि फॉर्म भरून देतो. पहिल्याच वर्षी आजीचा फॉर्म मी स्वतः भरला, आणि तिचं नाव यादीत आलं. तिला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "हे पुढचं झालं सायब. मागचं माझं मत कुठं गेलं?"

मी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.