बाळंतिणीचा रुमाल

विमलअक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्यावर चार शब्द लिहा, असं गौरव समितीची मंडळी घरी येऊन सांगून गेली. शाळा माझी चौथीपर्यंतची. आणखी एक सांगून गेले, अक्कांचा उल्लेख अहोजाहोने करा. करते. समोर आल्या की मी त्यांना अगंच म्हणणार आहे, ते समितीने ऐकून घ्यावं.

अक्कांची पहिली ओळख रडण्यातून झाली. मी लग्न होऊन धरणगावला आले तेव्हा त्या शेजारच्या घरातल्या थोरल्या सूनबाई होत्या. एका दुपारी त्यांच्या घरातून असा हंबरडा आला की मी पिठाच्या हातांनी धावत गेले. अक्का आरशासमोर उभ्या होत्या.

"कोण गेलं हो?"

"कोणी नाही. शनिवारी नाटक आहे."

"मग एवढं कशाला? खरं कोणी गेलं तर काय उरवाल?"

अक्का हसल्या आणि पुन्हा रडून दाखवू लागल्या, या वेळी आवाज न करता. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून आमचं जमलं. पुढे त्या मुंबईला गेल्या, टीव्हीवर आल्या, आणि गेली काही वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरात सासू म्हणून शिव्या खातात. बक्षिसांचं आणि भूमिकांचं इतर लोक लिहितील. मला एकाच गोष्टीचं लिहायचं आहे.

मागच्या वर्षी माझ्या नातसुनेचं, रूपालीचं, पाचव्या महिन्यात पोट पडलं. दवाखान्यातून ती, आता आम्ही राहतो त्या मेहरूणच्या घरी, रिकाम्या हातांनी आली आणि चार दिवसांत चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापायला लागली. तिला कोणी छळलं नाही. तिची सासू म्हणजे माझी सून कमल, मनाने वाईट नाही. कामात राहिली की विसरेल, असं तिचं म्हणणं. पण पोरीचा पदर पुढून ओला व्हायचा. कमल तिच्यापुढे जुन्या साडीचे तुकडे ठेवून द्यायची, आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

त्यात घरात माझ्या नातीचं डोहाळजेवण ठरलेलं. कमल रूपालीला म्हणाली, "तेवढ्यापुरती सावद्याला जाऊन ये ना तुझ्या आईकडे." पोटुशीच्या ओटीजवळ हिची सावली नको, एवढंच त्यामागे होतं. रूपाली 'बरं' म्हणाली. मग मी तिला बॅग भरताना पाहिलं. दोन दिवसांसाठी जाणारी बाई सगळ्या साड्या नेत नाही, लग्नातला फोटो नेत नाही. बॅग तिने बाजेखाली सरकवली. मी कमलला सांगायला गेले तर म्हणते, "तुम्हाला सगळीकडे वाकडंच दिसतं." माझं तिने कधी ऐकलंय?

त्याच संध्याकाळी अक्कांची मालिका लागली. घरातले सगळे समोर. आणि त्यात नायिकेचं पोट पडलं. काय सांगू! हातातलं ताट पडलं, ते तीनदा दाखवलं. वीज कडाडली. नायिका लालीपावडर लावून पलंगावर रडते आहे, केस विंचरलेले. आणि आमच्या अक्का पुढे होऊन बोट रोखून म्हणतात, "या घराण्याचा वारस तू गिळलास!"

रूपाली शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. रिमोट माझ्या मुलाच्या मांडीवर होता. तो म्हणाला, "बंद करतो."

"राहू द्या, बाबा," रूपाली म्हणाली. "पुढे तिला काय काय म्हणतात ते ऐकू."

मग कोणाचा हात रिमोटकडे गेला नाही.

सकाळी मी अक्कांना फोन लावला. "जीभ कशी झडली नाही गं तुझी?"

"लिहून देतात ते बोलावं लागतं, बाई."

"तू जिला बोललीस ती आमच्या घरात शेंगा सोलत बसली होती."

अक्कांनी मग मला सगळं विचारून घेतलं. माफीबिफी काही मागितली नाही. सुट्टी मिळाली तशी गाडीत बसल्या आणि थेट मेहरूणला उतरल्या, डोक्याला गाडीतल्या वाऱ्यासाठी बांधलेला रुमाल तसाच.

टीव्हीतली सासू घरी आली म्हणून कमलने ठेवणीतली साडी नेसली, भरीत-पुरीचा बेत केला. अक्का बैठकीत बसल्याच नाहीत. सरळ आत गेल्या. रूपाली ओट्याशी उभी राहून पुऱ्या लाटत होती.

"ही उभी काब्रं शे?" अक्का कमलकडे वळून म्हणाल्या. चिडल्या की त्यांची धरणगावची बोली बाहेर येते.

"का म्हणजे? बरी आहे आता. मूल काही झालं नाही, मग..."

"पोर नही राह्यनं म्हनीसन काय व्हयनं? बाळंतीण ते शेच ना ती!"

तेल तापून धुराला लागलं तरी कोणी हललं नाही. अक्कांनी डोक्याचा रुमाल सोडला, रूपालीच्या कानांवरून घट्ट बांधला, जसा बाळंतिणीला बांधतात तसा. तिचा हात धरून बाजेवर निजवलं आणि म्हणाल्या, "कमल, शेगडी आण."

मला वाटलं, आता कमल तोंड उघडते आणि घर पेटतं. तिने आधी गॅस बंद केला. मग निखारे केले, शेगडी बाजेखाली ठेवली, ओवा टाकला. शेगडी सरकवताना तिच्या हाताला बॅग लागली. बॅग भरलेली होती. कमल तिथेच खाली बसली.

धुरी अंगाला लागली तसं रूपाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याबद्दल बोलली. "अक्का, दूध आलं होतं."

"येतंच," अक्का म्हणाल्या. आणि शेक देत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कमल सुनेला म्हणाली, "सावद्याला जायचं तर जा. पण बाळंतपणाला म्हणून जा. डिंकाचे लाडू मी बांधून देते." रूपाली गेली. डोहाळजेवणाला ती आली नाही, ते तिचं तिने ठरवलं. शेकूनबिकून तिची तीच परत आली. लग्नाचा फोटो पुन्हा भिंतीवर आहे.

मुंबईला जाऊन अक्का मालिकावाल्यांशी भांडल्या. पुढचे शिव्याशाप बोलणार नाही, म्हणाल्या. लोक चॅनेल बदलतील, असं त्यांना सांगितलं गेलं. अक्का रंग लावून खुर्चीत बसून राहिल्या, सगळा सेट खोळंबला. भूमिका गेली असती. शेवटी त्यांच्या मनासारखं चित्रण झालं. वीज नाही, वाजंत्री नाही. सासू येते, सुनेचे कान रुमालाने बांधते आणि घरच्यांना म्हणते, "बाळंतीण झोपली आहे. आवाज कमी करा."

आमच्याकडे कमलने उठून खरोखर टीव्हीचा आवाज कमी केला.

आता ऐकते की मालिकावाल्यांना त्या नायिकेला पुन्हा दिवस गेलेले दाखवायचे आहेत, म्हणजे मागचं सगळं मिटलं. अक्का नको म्हणतात. रूपाली मला रोज विचारते, "ऐकतील का त्यांचं?" म्हणून अक्कांना माझं मागणं एवढंच, की देवाने त्यांना शंभर वर्षं द्यावीत, गुडघे चालते ठेवावेत आणि भांडायला छाती भक्कम ठेवावी.

शाल-नारळ समिती देईल. आमच्या घरून तो रुमाल येईल, धुऊन, घडी घालून. द्यायला रूपाली स्वतः येणार आहे. पोटुशी बायकाही गौरवाच्या सभेला असतील, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या की. मी पुढच्या रांगेत बसेन."