खानझोडेसाहेबांचा स्वतंत्र बाणा

फेब्रुवारी आला की खानझोडेसाहेब फोनला चिकटायचे. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हे गृहस्थ मार्कहॅमच्या आपल्या बेसमेंटमध्ये देशी ग्रोसरीत फुकट मिळालेलं कॅलेंडर पुढ्यात घेऊन उन्हाळ्यातल्या क्रिकेट मॅचेससाठी तारखा मागतायत. मागतायत कसल्या, भीक! आजूबाजूच्या सगळ्या क्लबांचे रविवार लीगच्या वेळापत्रकात आधीच भरलेले. मैदानंही आधी लीगलाच. उरलंसुरलं आमच्या पदरात. का, तर आमचा क्लब लीगमध्ये नव्हता. साहेबांच्या भाषेत आम्ही 'स्वतंत्र' होतो.

"आपण कोणाच्या बापाचे नोकर नाही, राजेहो!" हे त्यांचं आवडतं वाक्य. मूळचे नागपूरचे, एका टेलिकॉम कंपनीत मॅनेजर; क्लबचं सेक्रेटरीपद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. ऑफिसातल्या कुणा गोऱ्याने त्यांना सांगितलं की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या टीमा आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या गटात, खेळतात. पण एक नामांकित कॉलेज कुठल्याच कॉन्फरन्समध्ये जात नाही, मनाला येईल त्याच्याशी खेळतं. झालं! साहेबांच्या अंगात वारं शिरलं. "आपलंही तसंच आहे." अहो, कसलं तसंच? त्या कॉलेजला स्टेडियम आहे, टीव्हीवाले दारात उभे आहेत. आमच्याकडे एक फाटकी मॅट आणि तेरा माणसं, त्यांतल्या दोघांना बायका रविवारी घराबाहेर सोडत नव्हत्या.

एका जुलैत ह्यांनी लव्हालच्या एका टीमशी मॅच ठरवली. पहाटे निघून साडेपाच तास गाड्या हाकत गेलो, तर मैदानावर शाळकरी मुलींची सॉकर टूर्नामेंट चाललेली. समोरचा कॅप्टन फोनवर म्हणाला, "सॉरी, आज आमची लीगची मॅच लागली." साहेबांनी तिथल्या तिथे वहीत लिहिलं: 'वॉकओव्हर. आपण विजयी.' त्या उन्हाळ्यात आमच्या एकूण मॅचेस दोन; दुसरी पावसाने धुतली. गणपतीच्या कार्यक्रमात हे माईक धरून म्हणतात, "आपला क्लब यंदा अपराजित आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण टाळ्या मीही वाजवल्या.

मी तेव्हा अडतीसचा, फास्ट बोलर. गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि इथला उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा. मला एक, फक्त एक, पुरा सीझन खेळायचा होता. त्याच वर्षी लीगचं पत्र आलं: एक जागा रिकामी आहे, येता का? बेसमेंटमध्ये मीटिंग भरली. साहेब गरजले, "ज्याला गुलामी पायजे त्यानं हात वर करावा!" एकही हात वर गेला नाही. माझाही नाही. ती जागा दुसऱ्या क्लबने घेतली.

दोन वर्षांनी साहेबांनी पाऊण तासावरच्या एटोबिकोला घर घेतलं आणि तिथल्या लीगवाल्या क्लबात जाऊन बसले. मार्कहॅम लांब पडतं, म्हणे! वर्षभरात लीगच्या शेड्यूल कमिटीवरही गेले. त्यांचं कॅलेंडर माझ्या गळ्यात पडलं. फेब्रुवारीत मी झक मारत त्यांनाच फोन लावला.

"साहेब, एखादा रविवार द्या की आम्हाला."

"अबे, अशा फुटकळ टीमांसाठी शेड्यूल हलवत बसलो तर लीग कशाला म्हणायची? शिस्त असते, राजा."

"आणि स्वातंत्र्य?"

"ते आहेच ना. तुम्ही टिकवा." खळखळून हसले, निर्लज्ज माणूस! मग कागद चाळल्याचा आवाज आला. "सप्टेंबरच्या शेवटी एक मंगळवार आहे. संध्याकाळचा. पायजे का?"

सप्टेंबरअखेर संध्याकाळी सातला अंधारतं, बॉल धरलेला हात गारठतो. फोन आपटायला हवा होता. एक सणसणीत शिवी जिभेवर आलीही होती.

"चालेल," मी म्हणालो. आणि वर थँक्यूही म्हणालो.