ऑपरेशनआधीचा आवाज

गळ्यातली गाठ काढायची ठरली, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. थायरॉइडला लागूनच आवाजाची नस जाते. "आम्ही नस जपूनच काम करतो," ते म्हणाले. "आवाज थोडा बसतो, पण बहुतेकांचा परत येतो." लाखनीला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढा 'बहुतेक' फिरत राहिला.

मी लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत गाते. गळा आईचा. ती धानाच्या रोवणीत गायची, तेच ऐकत मी वाढले. पण माझं एकही गाणं धड रेकॉर्ड केलेलं नव्हतं. लोकांच्या मोबाइलवर तुकडे होते, त्यांत माझ्यापेक्षा ढोलकीच जास्त ऐकू येई.

नवरा शाळेत शिक्षक. ऑपरेशनआधी माझी गाणी नीट रेकॉर्ड करायची म्हणून तो रोज व्हिडिओ पाहू लागला. "मोबाइलनं नाही जमत," तो म्हणाला. "तू वरच्या सुरात गेली का मोबाइल आवाज दाबून टाकते. माइक आन् लॅपटॉपच्या मधात एक डबी लागते. ऑडिओ इंटरफेस म्हणते त्याले."

"मंग कोणती घ्याची?"

"तेच तं समजून नाही राहिलं."

प्रत्येक व्हिडिओत वेगळीच डबी चांगली. ऑनलाइन मागवली आणि चुकीची निघाली, तर बदलायला वेळ कुठे होता? शेवटी आम्ही एसटीनं भंडाऱ्याला, स्पीकर आणि वाद्यं विकणाऱ्या एका दुकानात गेलो.

दुकानदारानं स्वस्तातल्या दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. "याच्यात एक माइक लागते, याच्यात दोन. आवाज दोन्हीचा सारखाच."

"दोनवालीच घेऊ," नवरा म्हणाला. "पुढं कोणी पेटी घेऊन सोबत बसला तं?"

पुढं! मला एकदम रडूच आलं. "पुढचं कोणाले माहीत? मले आता फक्त माझा आवाज पाहिजे."

त्यानं दोनवाली बाजूला सारली.

"ताई, गाऊन पाहा," दुकानदार म्हणाला. मी हेडफोन लावला, गायला लागले. वरच्या सुरावर गेले आणि कानात कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी हेडफोन ओढूनच काढला. गाठ आवाजाच्या नसेपर्यंत पोचली, दुसरं काही मनात आलंच नाही.

"काय झालं?" नवऱ्यानं दंड धरला.

"आवाज गेला माझा."

दुकानदार हसला नाही. "आवाज नाही गेला, ताई. गेन, म्हणजे माइकचा जोर, जास्त होतं. हा लाल दिवा लागला का कोणाचाही आवाज फाटते." त्यानं मला पुन्हा हेडफोन लावायला सांगितलं आणि स्वतः माइकवर बोलला. त्याचाही आवाज तसाच फाटला. मग बटण फिरवून तो पुन्हा बोलला, तर स्वच्छ. तेव्हा कुठे मी गायले. माझा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. आपला आवाज असा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं, आणि ते कळल्यावर भीती आणखी वाढली.

एका माइकची डबी घेतली. हायवेवरच्या ट्रकचा आवाज कमी यावा म्हणून जवळचंच पकडणारा माइक घेतला. घरी दुपारी पंखा बंद करून, दाराला ब्लँकेट लावून बसलो. मी डबीवरच्या त्या लाल दिव्याकडे पाहत जपून जपून गात होते.

"चोरून गायल्यासारखी काहून गाते?" ऐकायला आलेली आई म्हणाली. "इकडे पाय, माझ्याकडे."

तिच्याकडे पाहत सगळी गाणी झाली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं, तर तोंडातून नुसती हवा आली. पुढे कितीतरी दिवस मी खुणांनीच बोलत होते. रेकॉर्डिंग ऐकायची हिंमत झाली नाही.

हळूहळू बोलणं परत आलं, घोगरं. एका दुपारी आईकडे गेले, तर ती मोबाइलवर माझी गाणी ऐकत बसलेली. मला पाहून तिनं ते बंद केलं.

"आई, मी आता गाऊ शकीन का वो?"

"मले काय माहीत, बाई? गाऊन पाय."

मी खालच्या पट्टीत सुरुवात केली. आवाज थरथरला, पण आला. वरचा सूर आलाच नाही. थांबा, येईल, असं डॉक्टर म्हणतात. पण रोज सकाळी पहिला शब्द काढण्याआधी मी क्षणभर गप्प राहते. अजून भीती वाटते.