लालबागच्या माळावरचे दादा

“सरका भाऊ, सरका. वरून पाव्हणे येऊन राहिले.”

धोतराचा सोगा कमरेला खोचून, दोन्ही हात पसरून दादा माळावरून गुरं हाकलत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं. आता हेच उडतात की काय, असं वाटे.

तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. आमच्या गावाबाहेरच्या लालबागेत कापसातली सरकी काढायचं एक जिन होतं; मी तिथं कारकून, दादा तिथले पहारेकरी. मालकांचं लहानसं विमान कधीमधी यायचं, त्यासाठी जिनामागचा माळ सपाट करून घेतला होता. विमान उतरलं की दादा जवळ जाऊन त्याला बैलासारखं थोपटत. “अंग तापलं बिचाऱ्याचं,” म्हणत.

एकदा मी विचारलं, “दादा, बसायचं का आत?”

“नको भाऊ. मी वर गेलो तर गुरं कोण हाकलंल?”

त्या दिवशी बाजार होता. विमान घिरट्या घालताना दिसलं तशी बाजारातली माणसं माळावर धावली. दादा ओरडून ओरडून दमले. विमानाची चाकं जमिनीला टेकली आणि नेमकी एक बाई, कडेवर पोर घेऊन, समोरून पलीकडे निघाली. दादांनी धावत जाऊन तिला बाजूला ढकललं. वैमानिकानंही विमान वळवलं. चाक माळाच्या कडेच्या चरात गेलं, विमान कलंडलं, आणि पंखाचं टोक दादांच्या छातीत बसलं.

आम्ही त्यांना खाटेवर घालून दवाखान्याकडे निघालो.

“पोर रडतंय का?” त्यांनी विचारलं.

“हो दादा, रडतंय.”

“मग बरं आहे.”

दवाखाना यायच्या आत ते गेले.

तेरावं झाल्यावर वैमानिक लोधीपुऱ्यात त्यांच्या घरी आला. मी सोबत होतो. कोवळा पारशी मुलगा, मोडलेला उजवा हात गळ्यात बांधलेला. तो दारातच उभा राहिला. दादांच्या म्हाताऱ्या आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“माय आहे का रे तुला?”

त्यानं ‘नाही’ म्हणून मान हलवली.

“मग बस. जेवून जा.”

डाव्या हातानं त्याला भाकरी तुटेना. म्हातारी जवळ सरकली, भाकरी वरणात कुस्करली आणि त्याला घास भरवू लागली. तो खाली मान घालून खात होता आणि रडत होता.

ताट संपलं. ती उठली नाही. खरकटा हात तसाच धरून कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली.