वसंताचा हातगुण

माझा मेहुणा वसंत याच्या हातात काहीही दोष नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देत आहे.

आमच्या नात्यात यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. बुवापाड्यातल्या मावशीची पिठाची गिरणी अडली, की ती पट्टा बघायच्या आधी विचारते, "वसंता येऊन गेला का गं?" वसंत बदलापूरहून आमच्याकडे आला, की बेलला बोटसुद्धा लावत नाही. कडी वाजवतो. उगाच बेल बंद पडली तर! या सगळ्याचं मूळ माझ्या घरातला एक रिमोट आहे, आणि त्या रिमोटच्या भानगडीचं मूळ मी आहे.

मी अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स फोरमन होतो. मी पॅनेलसमोर नुसता उभा राहिलो तरी मशीन घाबरून चालू व्हायचं (असं मी सांगत असे. मशीनं काही बोलत नसत, ही सोय होती). निवृत्त झालो आणि घरात माझ्या योग्यतेचं काम उरलं नाही. तेवढ्यात पुण्याच्या मुलाने भिंतीवर भलामोठा टीव्ही ठोकून दिला. सोबत सेट टॉप बॉक्स, होम थिएटर आणि एसी. म्हणजे सोफ्यावर रिमोटच रिमोट. माणसं बसायची खाली सतरंजीवर.

एकदा सुमनने, म्हणजे आमच्या हिने, मालिकेचा आवाज वाढवायला भलताच रिमोट उचलला आणि एसी सोळावर नेला. मालिका संपेपर्यंत आम्ही गोधडीत बसलो होतो.

"एवढे मोठे फोरमन," गोधडीतून आवाज आला, "याचं काहीतरी करा की!"

त्याच आठवड्यात वसंताचा फोन आला. त्याची मुलगी पूर्वा खंडेनवमीच्या संध्याकाळी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाणार होती. वसंताला दुसरं काही सुचत नव्हतं.

"दाजी, सगळे तुमच्याकडेच बघू. मोठ्या पडद्यावर पोरगी मोठी दिसेल!"

"ये," मी म्हणालो. "तुला एक चमत्कारही दाखवतो."

चमत्कार उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये मिळाला. दुकानदाराने काचेखालून काळा चकचकीत रिमोट काढला. "साईं, ये सब रिमोट का बाप है. टीव्ही, एसी, थिएटर, सब इसमें सिखाओ. सिर्फ भाभीजी के लिए बटन नहीं है."

तो रिमोट शिकायचा! जुन्या रिमोटचं तोंड नव्याच्या तोंडासमोर धरायचं, आधी याचं बटण दाबायचं, मग त्याचं. दिवा लुकलुकला, की विद्या पोचली. मी दोघांना पाटावर समोरासमोर बसवलं, जसं स्थळ बघायला आल्यावर मुलामुलीला बसवतात. दुपारपर्यंत चौघांची विद्या एकात उतरली. एका जागेवरून टीव्ही लागला, थिएटर गरजलं, एसी थंड झाला. मी हिला बोलावून पुन्हा लावून दाखवलं. मग पुन्हा.

"बरं, कळलं!" ती म्हणाली. "आता भंगारवाला आलाय, रद्दी काढून द्या."

दसऱ्याची साफसफाई चालू होती. मी रद्दीबरोबर जुने चारही रिमोट देऊन टाकले!

"अहो, राहू द्या की एखादा."

"जुनं ठेवलं की नव्यावर विश्वास बसत नाही," मी म्हणालो. हे वाक्य तिने पुढे मला बरेचदा ऐकवलं आहे.

संध्याकाळी खंडेनवमीची अवजारांची पूजा मांडली. पाना, पक्कड, टेस्टर, हिची विळी, कात्री आणि मधोमध नवा रिमोट. कारखान्यात आमच्या जुन्या हेडफिटरने मला शिकवलं होतं, "मशीनला कुंकू नेहमी तोंडावर लावायचं. पाठीवर लावशील तर ते पाठ दाखवेल." आता रिमोटचं तोंड कुठलं, हे मी सकाळभर बघितलं होतं. पुढची ती गडद लाल काच. मी हळद-कुंकू चांगलं ओलं करून त्या काचेवर दाबून लावलं. हातचं राखून भक्ती करायची आपल्याला सवय नाही.

आणि लालावर लाल. दिसणार काय!

थोड्या वेळाने वसंत, त्याची बायको आणि पेढ्यांचा मोठा पुडा असे आले. पूर्वा मुंबईलाच होती. वसंताने पाटाला नमस्कार केला आणि रिमोट हातात घेतला. "दाजी, हाच का चमत्कार?" उलटापालटा करून त्याने तो परत ठेवला. एवढंच. देवाशपथ एवढंच.

कार्यक्रमाची वेळ झाली. मी रिमोट उचलला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. उभा राहून दाबलं. टीव्हीजवळ जाऊन, बंदूक धरावी तसा धरून दाबलं. सेल फिरवले, झटकले, सुमनने ते उन्हात ठेवायला सुचवलं (ऊन गेलेलं होतं). टीव्हीच्या पाठीमागे हात घालून बटण सापडवलं, तर पडदा निळा झाला आणि 'सिग्नल नाही' म्हणून बसला. पुढचं काहीही करायला रिमोटच हवा! वसंताच्या बायकोने मोबाइलवर लावायचा प्रयत्न केला. त्यावर एक गोल फिरत राहिला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी खरा फोरमन काय करतो? हेल्पर शोधतो.

"वसंता! तू काय दाबलंस?"

"मी? काही नाही, दाजी. नुसता हातात घेतला."

"नुसता हातात घेतल्याने कारखान्यात लोकांची बोटं जातात! सगळं प्रोग्रॅमिंग उडवलंस तू!"

एवढ्यात शेजारच्या लालवानी भाभींनी दारातून डोकावलं. "अरे, पूर्वा का नंबर आ रहा है! आप लोग यहाँ क्या बैठे हो? आओ, आओ, चप्पल रहने दो!"

सगळे धावले. वसंतही उठला. आणि मी, लाजेने लालबुंद झालेला मी, त्याच्या हातात रिमोट कोंबून म्हणालो, "बिघडवलास ना? आता नीट करूनच ये."

तो खरंच मागे राहिला. मोठ्या बहिणीचा नवरा बोलला की उलट बोलायचं नाही, असं त्याचं वळण. भाभींच्या टीव्हीवर पूर्वा अशी गायली, की सुमनने टाळ्या वाजवून बांगड्या पिचवल्या. त्या पोरीचा बाप भिंतीपलीकडे निळ्या पडद्यासमोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलली. मी ओल्या फडक्याने रिमोट पुसला. फडकं लाल झालं, काच मोकळी झाली, सहज बटण दाबलं गेलं आणि थिएटर असं गरजलं, की हिच्या हातातलं झेंडूचं फूल उडालं.

"अय्या! कसा काय चालू झाला?"

आता तरी खरं बोलायचं ना? मी फडकं खिशात घातलं.

"मी दुरुस्त केला," मी म्हणालो. "वसंताने फार आतपर्यंत बिघडवला होता."

तिने अभिमानाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. वसंताचा हातगुण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत पसरला तो असा.

यंदाच्या खंडेनवमीला वसंत आला. कडी वाजवली. आत येऊन हात मांडीवर घडी करून बसला. घामाने निथळत होता, पंख्याचं बटण डोक्याशीच होतं, पण म्हणाला, "दाजी, तेवढा पंखा लावता का?" मी पंखा लावला आणि हळू आवाजात सगळं ओकून टाकलं. काच, कुंकू, फडकं, सगळं.

वसंत म्हणाला, "पोरीचं गाणं मी ऐकलं, दाजी. भिंतीला कान लावून. ताईच्या टाळ्या गाण्यापेक्षा मोठ्या होत्या."

माझे डोळे भरून आले. "उद्याच सगळ्यांना फोन करून खरं सांगतो."

"अहो, वेडेबिडे झालात काय!" तो ताडकन उठला. "त्या दिवसापासून घरात मला कुणी मिक्सर लावायला सांगत नाही, पाण्याची मोटर नाही, वॉशिंग मशीन नाही. लग्नकार्यात नुसता खुर्चीत बसतो! तुमचं मन हलकं होईल, पण माझी कंबर मोडेल!"

"सापडलात!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. सुमन पूजेचं तबक घेऊन उभी होती. केव्हापासून, ते विचारायची आमच्या दोघांची छाती झाली नाही. तिने आधी बदलापूरला वसंताच्या बायकोला फोन लावून त्याचे हात अगदी ठणठणीत असल्याचं कळवलं. वसंताने पुढे होऊन स्वतःच पंखा वाढवला. आता काय उरलं होतं!

मग ती माझ्याकडे वळली, बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावताना म्हणाली, "मान वर करा. डोळ्यांवर यायला नको. दिसायचं बंद झालं, की तुम्ही म्हणाल, वसंताने हात लावला."

मी मुकाट्याने मान वर केली. मेंटेनन्स फोरमन होतो मी!